पारडू आईजवळ हवं

माझी बायको सुनंदा वारली, पण तिच्या ऑफिसातले किस्से आमच्या घरी यायचे थांबले नाहीत. जबलपूरच्या डेअऱ्या तपासणाऱ्या पथकात ती जनावरांची डॉक्टर होती. तिचा सहकारी भोयर अजूनही येतो, चहा घेतो आणि एखादा किस्सा ठेवून जातो. रद्दी साठली तर विकता तरी येते.

*

म्हैस सुखात आहे हे ठरवायचं कसं, यावर बैठक होती. पथकप्रमुख तिवारी साहेब म्हणाले, पाणी, सावली, जागा.

"आणि पारडं?" सुनंदानं विचारलं. रेडा जन्मला की डेअरीत त्याला दूध मिळत नाही. थोड्याच दिवसांत तो मरतो.

साहेब हसले. "दीदी, कमेटी दूध देने वालों की है, पीने वालों की नहीं."

*

म्हशी नुसत्या सिमेंटवर नकोत, असा नियम आला. पहिल्या डेअरीत रबरी मॅट होत्या. दुसरीतही. तिसरीत सुनंदानं फाटका कोपरा ओळखला.

भोयर म्हणाला, "मॅडम, आपल्या जीपच्या पुढं मॅटचा टेम्पो चालून राहिला."

"टाइम पर तो आता है," साहेब म्हणाले.

*

कुंडम रस्त्यावर राऊतची डेअरी. म्हशीला मानही वळवता येईना, इतकी साखळी आखूड. सुनंदा टेप लावून मोजू लागली तसा राऊत म्हणाला, "मॅडम, माह्या खोलीत मलाच कूस बदलता येत नाही. माहंही माप घ्या."

"तुम्हाला बांधलं कोणी?" तिनं विचारलं आणि मोजत राहिली.

*

ती दवाखान्यात असताना भोयर भेटायला आला.

"काहून तोंड पाडून बसला रे?" सुनंदानं त्याच्याच बोलीत विचारलं. "पारड्यांचं काय झालं?"

"साहेब म्हणतात, मॅडम बऱ्या झाल्या की बघू."

"म्हणजे नाहीच," ती म्हणाली आणि मला त्याच्यासाठी चहा आणायला पाठवलं.

*

ती गेल्यावर साहेबांनी अट मंजूर करून घेतली : पारडू आईजवळ हवं. पहिल्या तपासणीला भोयर मलाही घेऊन गेला. राऊतकडे प्रत्येक म्हशीपुढं एकेक पारडू होतं.

"देखिए भाईसाहब," साहेब हळूच म्हणाले, "दीदी का काम हो गया." आणि जीपकडे वळले.

मी जवळ जाऊन वाकलो. पारडू हललं नाही. पोटाच्या कातड्यावरच्या शिवणीतून भुसा बाहेर आला होता. म्हैस त्याचं कपाळ चाटत होती. तिनं पान्हा सोडला होता, बादली भरत आली होती.

राऊत माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

"रात्रंदिवस आईजवळच असते, भाऊ. पावसात तेवढं आत नेऊन ठेवतो."