नागपूरच्या इवायांनी लपवलेली पिशवी

हिवाळ्यात नागपूरला जायचंय, काय पाहू, काय खाऊ, असं विचारणारे निरोप मला अधूनमधून येतात. सांगते सगळं. पण माझी नागपूरची पहिली खेप ही काही सहल नव्हती, आणि त्यातला निम्मा वेळ मी जीव मुठीत धरून होते, हे आधीच कबूल केलेलं बरं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही चिपळूणचे. बाबा शाळामास्तर, आई जाऊन चार वर्षं झालेली. माझं लग्न झालं होतं आणि धाकट्या सुनंदाला नागपूरचं स्थळ आलं होतं. मुलगा, मधुकर, माझ्या यजमानांच्या मुंबईच्या ऑफिसात सहा महिने कामाला होता, तिथली ओळख. दोन्ही घरं बौद्ध, मुलगा शिकलेला, हुंड्याचं नाव नाही. मुलगी त्यांनी मुंबईत पाहून पसंत केली होती. आता आम्ही त्यांचं घर पाहायचं आणि तारीख ठरवून यायचं एवढंच उरलं होतं. आईच्या जागी मी बाबांबरोबर निघाले.

घोळ एकच होता. बाबांना साखरेचा आजार होता आणि रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. बापाला आहे म्हणजे मुलीला होणारच, असं तेव्हा लोक धरून चालत. सुनंदाचं आधीचं एक स्थळ त्यावरूनच मोडलं होतं. म्हणून नागपुरात या विषयावर चकार शब्द काढायचा नाही, असं बाबांनी मला बजावलं. मला धडकी भरली. वर्षभरापूर्वी तापात त्यांची दोन दिवस इंजेक्शनं चुकली होती, तेव्हा ते बेशुद्ध पडले होते, आणि पुन्हा असं झालं तर हाती लागतीलच असं नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

एसटीने मुंबई, तिथून संध्याकाळची मेल. डिसेंबरात जाणार असाल तर भुसावळच्या पुढे थंडी हाडात शिरते, जाड पांघरूण जवळ ठेवा. वर्ध्याला चहा चांगला मिळाला. मी मात्र सगळा वेळ बाबांची खाकी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. काचेची सिरिंज, स्पिरिट आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली औषधाची बाटली, सगळं तिच्यात होतं.

नागपूर स्टेशनावर मधुकरचे वडील, देवाजी, स्वतः घ्यायला आले होते. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, सहा फूट उंच, आवाज असा की फलाटावरचे हमाल वळून बघत. त्यांनी बाबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “पोरगी तं पसंत हाय, इवाई. पण तुमाले पाहून आता फेरविचार करा लागते.”

तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात. बाबांचा चेहरा उतरला असेल का, रात्रभराच्या प्रवासाने ते आजारी दिसत असतील का, यांना कोणी सांगितलं असेल का? मागे उभा असलेला मधुकर हसत होता, तेव्हा कुठे कळलं की ही थट्टा. आमच्याकडे अशी थट्टा वीस वर्षांच्या ओळखीनंतरही कोणी करत नाही. आणि केलीच तर तोंडावर नाही, माणूस गेल्यावर.

सायकलरिक्षा करून इंदोऱ्याला, त्यांच्या वस्तीत गेलो. दोन खोल्यांचं स्वच्छ सारवलेलं घर आणि दारात आम्हाला पाहायला आलेली पंधरा-वीस माणसं. जेवायला वडाभात होता, म्हणजे भातावर कुस्करलेले डाळीचे वडे, वर कडकडीत फोडणीचं तेल. नागपुरात गेलात तर तो खाच, पण ताट रिकामं ठेवू नका. आमच्याकडे पानात टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान, म्हणून बाबा सगळं संपवत. तिथे रिकामं ताट म्हणजे माणूस अजून भुकेला. बाबा संपवायचे, ते वाढायचे. बाबांच्या पोटात किती भात जातोय हे मी मोजत होते.

थट्टा दोन्हीकडून फसत होती. आपल्या माणसाला नावं ठेवायची ही आमच्याकडची रीत. बाबांनी सरळ चेहऱ्याने सांगितलं, आमच्या सुनंदाला स्वयंपाकातलं काही येत नाही, चहा केला तर फक्त पाणी ओळखू येतं. चिपळुणात यावर लोक ओळखून हसले असते. इथे सगळ्यांनी ते खरं धरलं. थोड्या वेळाने मधुकरची आई, गिरजाबाई, मला चुलीपाशी घेऊन गेल्या आणि हलकेच विचारलं, की पोरीच्या हाताला काही दुखणं आहे का, असलं तर सांगून टाका, आपण पाहू. दुखणं हा शब्द ऐकताच नाही नाही म्हणत मी कशीबशी बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात घाईघाईने टोचून घेऊन बाबा दीक्षाभूमीवर निघाले. छप्पन साली खिशात पैसे नव्हते म्हणून त्यांचं येणं राहिलं होतं. ते तिथे मातीत बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. देवाजी शेजारी उभे होते, तेवढा वेळ एक शब्द बोलले नाहीत. माणूस चांगला आहे असं मला पहिल्यांदा वाटलं ते तिथे. येताना सीताबर्डीत संत्र्याची बर्फी घेतली. घरच्यांसाठी न्यायची तर त्याच दिवशीची मागून घ्या.

तिसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी बाबांच्या इंजेक्शनसाठी मी पिशवी घ्यायला गेले, तर खुंटीवर पिशवी नाही.

मला वाटलं बाबांनी हलवली. त्यांनी नाही. खाटेखाली, पेटीमागे, सगळीकडे पाहिलं. देवाजींना विचारलं तर ते म्हणाले, कोणती पिशवी? तुम्ही तर हात हलवत आले होते. शेजारणीला विचारलं, तर ती तोंड पाडून म्हणाली की पिशवी सकाळच्या गाडीने पुढे गेली. अख्खी गल्ली सामील होती. शेवटी मधुकरच्या बहिणीने कानात सांगितलं. पहिल्यांदा आलेल्या इवायाला त्याने ठरवलेल्या दिवशी जाऊ देत नाहीत. त्याचं सामान लपवतात, तो गयावया करतो, भांडतो, मग एक दिवस जास्त राहतो. सामान जेवढा जास्त वेळ सापडत नाही, तेवढा मान मोठा.

कुठे आहे ते मात्र तिलाही माहीत नव्हतं. मी बाबांना म्हटलं, सांगून टाकूया. बाबा म्हणाले, नाही. दुसऱ्याच्या घरात आपली वस्तू दोनदा मागायची म्हणजे त्यांना चोर म्हणायचं. आणि पिशवीत काय आहे हे कळलं तर पोरीचं काय? एक वेळ चुकली तर मरत नाही मी. एवढं बोलून ते ओसरीवर जाऊन बसले, आणि लोकांना वाटलं की इवाई रुसला. पोरं आणखी खूश झाली.

अकराच्या सुमाराला बाबांनी पाण्याचा पहिला तांब्या मागितला. मग दुसरा. मग तिसरा. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ही तहान मी गेल्या वर्षी पाहिली होती. देवाजी सगळ्यांना ओरडून सांगत होते की हा इवाई आमची विहीर कोरडी करून जाणार, आणि लोक टाळ्या देऊन हसत होते. मीही हसल्यासारखं करत होते. इतकं भयंकर हसणं मी पुन्हा कधी हसले नाही.

एक वाजता पानं मांडली. पुरणपोळ्या, वर तुपाची धार. पहिली पोळी बाबांनी खाल्ली. दुसरी देवाजींनी स्वतःच्या हाताने वाढली. बाबांनी घास मोडला आणि हात तसाच ताटात राहिला. चेहरा राखेसारखा झाला होता. मग ते उठले, ओसरीच्या कडेला गेले आणि ओकले.

बस झालं. सुनंदाचं लग्न गेलं खड्ड्यात, असं मला त्या क्षणी वाटलं आणि अजूनही त्याची लाज वाटत नाही. मी उभी राहून सगळ्यांसमोर म्हटलं, “पिशवी द्या. तिच्यात बाबांचं औषध आहे. त्यांना साखरेचा आजार आहे, इंजेक्शन नाही मिळालं तर ते जातील.”

देवाजी हसले. अगदी मनापासून, मांडीवर थाप मारून. म्हणाले, मागच्या इवायाची तर माय मरायला टेकली होती म्हणे, तरी पिशवी दिली नव्हती. सगळी पंगत हसली. पिशवी परत मिळवायला पाहुणा असलंच काहीतरी बोलतो, तो खेळाचाच भाग. माझं खरं बोलणं त्या खेळात बसलं होतं आणि त्याच्या बाहेर कसं यायचं ते मला सुचेना. मी रडायला लागले, तर एक म्हातारी कौतुकाने म्हणाली की पोरगी भारीच नाटकी आहे.

बाबा खांबाला धरून वळले. आयुष्यात कधी सरळ न बोललेला माणूस. “देवाजी,” ते म्हणाले, “ती खोटं बोलत नाही.”

हसणं थांबलं. गिरजाबाईंनी हातातलं तूप खाली ठेवलं आणि बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. देवाजी अनवाणी पळाले. पिशवी तीन घरं सोडून एका कणगीत, ज्वारीत पुरलेली होती. ते आले, पण घाईत पिशवीची गाठ त्यांना सुटेना. मी सोडली, इंजेक्शन दिलं. मधुकरने बाबांना स्कूटरवर मधे बसवलं, मागून चुलतभावाने धरलं, आणि रामदासपेठेत डॉक्टरकडे नेलं. तिघं परत येईपर्यंतचे ते तीन तास मी आयुष्यातून वजा करायला तयार आहे.

वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले होते. बाबा संध्याकाळी उठून बसले, मुगाची खिचडी खाल्ली. गल्लीतलं कोणी ओसरीवर फिरकलं नाही. गिरजाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या.

“सांगितलं काहून नाही वं?”

मी खरं सांगितलं. लग्न मोडेल म्हणून.

“बिमारीनं नसतं मोडलं,” त्या म्हणाल्या. “तुमी आपली पोरगी देऊन राहिले आमाले, अन् इतका भरोसा नव्हता?”

रात्र डोळ्याला डोळा न लागता गेली. आता नकार येणार, तोही आजारामुळे नाही तर आमच्या हुशारीमुळे.

सकाळी देवाजी बाबांसमोर बसले. आवाज इतका खाली की मला पुढे सरकावं लागलं. वैशाखातली तारीख चालेल का जी, असं त्यांनी विचारलं. बाबांना पहिल्यांदाच त्यांनी जी लावला होता. स्टेशनावर पिशवी त्यांनी स्वतः उचलली आणि गाडी सुटेपर्यंत दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली. एकही विनोद केला नाही. बाबांनी डब्यातून म्हटलं, काय देवाजी, फेरविचार झाला का पूर्ण? ते नुसते मान खाली घालून हसले.

लग्न झालं. सुनंदा सुखात आहे, तिची नातवंडं आता माझ्याशी फोनवर “काहून” म्हणत भांडतात. नागपूरला मी त्यानंतर पुष्कळदा गेले, आणि तुम्हीही जा. तुमची चप्पल कुणी लपवली तर भांडा, ओरडा, दोनदा काय दहादा मागा. त्यांना तेच हवं असतं. आणि काही दुखणं असेल तर उंबऱ्यातच सांगा.

बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. दरवर्षी नागपूरला जायचे आणि देवाजींना डिवचायचे. कधी त्यांच्या मिशीवरून, कधी त्यांच्या आवाजावरून. देवाजी दुसऱ्या इवायांची गल्लीभर फजिती करत, पण बाबांसमोर हात जोडून बसत, हो जी, नाही जी. बाबांना ते फार लागायचं. एकदा त्यांनी सुनंदाला विचारायला लावलं, की तुझे सासरे माझ्यावर अजून रागावलेत का.

सुनंदाने विचारलं. देवाजी म्हणाले, “राग कायचा वं, पोरी. मले त्यायचं भेव वाटते.”