वाघझरीतली मुनादी

वाघझरी हे गाव अंब्यापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. अंबा म्हणजे अंबाजोगाई. निजामाच्या दफ्तरात तिचं नाव मोमिनाबाद होतं, पण बाजाराला निघालेला माणूस 'अंब्याला चाललो' असंच म्हणायचा. वाघझरीचंही तसंच. जुन्या काळी कुण्या जहागिरदारानं कागदावर गावाचं नाव फतेहाबाद करून ठेवलेलं. त्याचा कुणाला राग नव्हता की कौतुक नव्हतं. कागद कचेरीत राहायचा, गाव डोंगराच्या पायथ्याशी राहायचं, दोघांची गाठ क्वचितच पडायची.

ती गाठ घालून द्यायचं काम धोंडीरामचं. तो महारवाड्यातला. गावात दवंडी द्यायचं काम त्याच्या घरात वडलांपासून चालत आलेलं. सरकारी हुकूम यायचा उर्दूत, पटवारी उत्तरेश्वरपंत त्याचा अर्थ सांगायचे, आणि धोंडीराम गळ्यात डफ अडकवून तो गल्लोगल्ली आपल्या बोलीत पोचवायचा. साऱ्याची पट्टी भरायची असेल तर ती कधी आणि कुठं भरायची, न भरली तर काय होईल, सगळं उलगडून सांगायचा. मधूनच कुणी ओट्यावरून ओरडायचं, "ए धोंड्या, म्होरं पळू नको, परत सांग." तो परत सांगायचा. दवंडी म्हणजे गावाशी चाललेलं बोलणंच होतं, फक्त जरा मोठ्या आवाजातलं. मात्र बोलणं संपलं की ओटे आपल्या जागी आणि तो गल्लीच्या कडेला. कुणी त्याला बस म्हणत नव्हतं.

एका वर्षी नवे गिरदावर आले. पाचपंचवीस गावांवर देखरेख ठेवणारा हा अधिकारी. माणूस तरुण, शिकलेला, हैदराबादेकडचा. त्यांच्या कानावर असं आलं होतं की शेजारच्या एका गावात दवंडीवाल्यानं हुकमात आपल्या पदरचं घालून सारा माफ झाल्याचं सांगून टाकलं, आणि मग वसुलीच्या वेळी मारामारी झाली. त्यांनी ठरवलं, इथून पुढं मुनादी, म्हणजे सरकारी दवंडी, हुकमाच्या शब्दांतच व्हायची. गावाचं नावही दफ्तरात असेल तेच घ्यायचं. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर यात वावगं काही नव्हतं. तोंडातोंडी शब्द बदलतो, हे खरंच होतं.

उत्तरेश्वरपंतांनी धोंडीरामला चावडीच्या पायरीखाली उभं करून ते शब्द पाठ करायला लावले. त्याची जीभ आधी अडखळली, मग सैल झाली. 'बाशिंदगाने फतेहाबाद को मुत्तला किया जाता है' हे पहिलं वाक्य त्याला असं काही बसलं की शेतातून येताना तो ते पुटपुटत यायचा. बाशिंदगाने म्हणजे राहणारे, मुत्तला म्हणजे कळवणं, इतकं त्याला पंतांनी सांगितलं. पुढचे शब्द हुकमागणिक बदलायचे.

पहिल्या मुनादीला गावाची करमणूक झाली. म्हाताऱ्या केशरबाईनं शेजारणीला विचारलं की हा कोण्या गावचा हुकूम आपल्या गावात सांगतोय. फतेहाबाद हे नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. वाण्याला मात्र बरं वाटलं. पोराला उर्दू शिकवून कचेरीत चिकटवायचा त्याचा विचार होता, त्यामुळं ही भाषा कानावर पडलेली चांगली, असं त्याचं म्हणणं. सुंदरराव पाटील तर खूशच झाले. मराठीतला हुकूम शेजाऱ्यानं दिलेल्या सल्ल्यासारखा वाटतो, उर्दूत त्याला वजन येतं, असं ते चारचौघांत सांगायचे. विणकर लतीफभाई मोमीन नमाजाला जाणारा माणूस. लोक त्याला अर्थ विचारायला गेले. तो हसून म्हणाला की ऐकायला गोड आहे, पण आमच्या घरात असं कुणी बोलत नाही.

आणि धोंडीरामला स्वतःला काय वाटलं, तर त्याला ते आवडलं. हे त्यानं बायकोला, छबुबाईलाही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून 'ए धोंड्या' अशी हाक आली नव्हती. तो बोलायला लागला की ओट्यावरची माणसं उठून उभी राहायची. कुणी मधे तोडत नव्हतं, कारण कुठं तोडायचं हेच कुणाला कळत नव्हतं. मराठीत तो गावाचा होता आणि गावानं त्याची जागा ठरवून टाकली होती. या भाषेत गावाचं कुणीच नव्हतं, म्हणून तिथं त्याला उभं राहायला जागा मिळाली. त्याची मान जरा ताठ झाली, चाल बदलली. छबुबाईला ते दिसत होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी वरच्या अंगाच्या गावांत पटकी आली. उलट्या आणि जुलाबांनी माणूस दिवसा-दोन दिवसांत जायचा. वाघझरीच्या विहिरीनं तळ गाठला होता, पण डोंगरातला झरा चालू होता. त्याच झऱ्याला वाघझरा म्हणायचे आणि गावाचं नावही त्यावरूनच पडलेलं. वरच्या गावातली घाण त्यात उतरत होती. कचेरीतून हुकूम निघाला तो वेळेवर निघाला. घोड्यावरचा चपराशी आला, त्याला संध्याकाळपर्यंत आणखी गावं करायची होती. उत्तरेश्वरपंत कामासाठी अंब्याला गेलेले. चपराश्यानं धोंडीरामकडून शब्द घोकून घेतले आणि घोडं पुढं काढलं.

धोंडीराम पाटलाकडं गेला. ओसरीसमोर उभा राहून त्यानं शब्द म्हणून दाखवले आणि अर्थ विचारला. सुंदररावांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. उर्दू समजतं असं ते इतकी वर्षं सांगत आलेले, आता नाही कसं म्हणणार.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "जा, सांग. तुला अर्थाशी काय करायचंय?"

धोंडीराम निघाला. 'बाशिंदगाने फतेहाबाद को मुत्तला किया जाता है, के चश्मे का पानी पीना ममनू है.' आवाज चांगला लागला होता. चश्मा हा शब्द ऐकून तरण्या पोरांनी आपसात थट्टा केली की पंतांच्या नाकावर असतो तसला चश्मा आता सरकार वाटणार. पण पानी आणि पीना हे शब्द सगळ्यांना कळले. कुणीतरी म्हणालं, चश्मा म्हणजे झरा. मग ओट्याओट्यावर अर्थ जुळला. विहीर आटत आली म्हणून सरकार म्हणतंय झऱ्याचं पाणी प्या. ममनू या शब्दाकडं कुणी पाहिलंच नाही.

केशरबाई दारात उभी होती. ती तोवर विहिरीचं गढूळ पाणी गाळून पीत होती, कारण झरा लांब आणि तिचे गुडघे दुखायचे. तिनं त्याला थांबवलं.

"धोंडीबा, काय म्हनतंय रं सरकार? झऱ्याचं पानी प्या म्हनतंय का?"

त्याला माहीत नव्हतं. माहीत नाही एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण गल्ली ऐकत होती, माणसं उभी होती, आणि त्याच्या अंगावर अजून ते मोठे शब्द होते.

"सरकारी हुकूम हाय, मावशे," तो म्हणाला. "ऐकला न्हव का?" आणि पुढं गेला.

पटकीनं ओटा पाहिला नाही की महारवाडा पाहिला नाही. धोंडीरामच्या शेजारचं तान्हं मूल गेलं. लतीफभाईची सून गेली. केशरबाई गुडघे धरत झऱ्यावर गेली होती, घागर घेऊन. तिचा जीव जायला एक रात्रही लागली नाही.

उत्तरेश्वरपंत परत आले तेव्हा गावात रडारड चालली होती. त्यांनी धोंडीरामला विचारलं की मुनादी झाली होती ना. त्यानं शब्द न शब्द म्हणून दाखवला. पंतांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे, ममनू म्हणजे मनाई," ते म्हणाले. "पिऊ नका असं सांगितलं होतं. झऱ्यात पटकी उतरलीय, पाणी उकळूनच प्यायला हवं."

 धोंडीराम घरी जाऊन डफ घेऊन आला. हुकूम नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत तो सगळ्या गल्ल्यांतून फिरला. ऐका हो ऐका, वाघझरीकरांनो, वाघझऱ्याचं पाणी पिऊ नका, त्यात पटकी हाय, विहिरीचं पाणी उकळून प्या. पाटलानं माणूस पाठवून त्याला अडवायला लावलं, कारण हुकमाबिगर दवंडी देणं आणि दफ्तरातलं नाव सोडणं हे दोन्ही गुन्हे होते. धोंडीराम त्या माणसाच्या बाजूनं वाट काढून पुढं गेला. लोकांनी त्याला पुन्हा मधे तोडून विचारलं, झरा म्हणजे वरचा की खालचा, जनावरांना चालेल का. त्यानं प्रत्येकाला थांबून सांगितलं. त्यानंतर आजारी पडणारे हळूहळू कमी झाले.

पाटलानं तक्रार केली आणि गिरदावर चौकशीला आले. चावडीपुढं गाव जमलं. ते रागावलेले नव्हते, थकलेले दिसत होते. त्यांच्या हद्दीत बऱ्याच गावांत माणसं मेली होती. त्यांनी लोकांनाच विचारलं की सरकारी भाषेबद्दल तुमचं म्हणणं काय. सुंदररावांनी तिची थोरवी सांगितली. वाणी म्हणाला की ती काढू नका, पोरांच्या कामाची आहे. मग गिरदावरांनी लतीफभाईकडं पाहिलं. हा तरी आपल्या बाजूनं बोलेल, असं त्यांना वाटलं असावं. लतीफभाई हात जोडून आपल्या घरच्या दखनीत बोलला. त्याचा सूर इतका हळू होता की मागच्यांना पुढं सरकावं लागलं. जबान पाक है साहब, तो म्हणाला, भाषा पवित्र आहे, पण माझ्या सुनेला ममनू कळलं नाही, पिऊ नको कळलं असतं.

धोंडीरामला विचारलं तेव्हा तो कुणाकडं बोट दाखवू शकला असता. त्यानं दाखवलं नाही. मला अर्थ कळला नव्हता आणि ते मी बोललो नाही, एवढंच त्यानं सांगितलं.

केशरबाईचा मुलगा अर्जुनराव खांबाला टेकून उभा होता. आई गेल्यापासून तो धोंडीरामकडं पाहतही नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "आमची आई झऱ्याला कदी जात न्हवती. तिला गुडघ्यामुळं चालवत न्हवतं. ती हुकूम पाळायला गेलती."

 पंतांनी अर्जुनरावाचं बोलणं उर्दूत करून सांगायला तोंड उघडलं, तर गिरदावरांनी हातानं थांबवलं. त्यांना कळलं होतं.

निकाल अर्धामुर्धा लागला. कायदा बदलणं गिरदावरांच्या हातात नव्हतं. मुनादी उर्दूतच राहील, गाव कागदावर फतेहाबादच राहील, पण मुनादीनंतर गावच्या बोलीत खुलासा करायला हरकत नाही, आणि खुलासा पटवाऱ्यानं आधी ऐकून घ्यायचा. हुकमाबिगर दवंडी दिली म्हणून धोंडीरामचं त्या वर्षाचं बलुतं कापलं गेलं. ते कापायचा आग्रह पाटलांचा होता.

पुढं कैक वर्षं वाघझरीत दोन भाषांतली दवंडी चालली. उर्दूतलं वाक्य चालू असताना बायका हातातलं काम करत राहायच्या आणि खुलासा सुरू झाला की कान द्यायच्या. ओट्यावरून 'ए धोंड्या' ही हाकही परत आली. त्याला ती कधीच गोड लागली नाही. तो ते उर्दू शब्द म्हणताना माणसं उठून उभी राहायची, ते दिवस त्याला आठवायचे, आणि आठवले की केशरबाईही आठवायची. दोन्ही एकदमच यायचं. आसपासच्या गावांतले दवंडीवाले त्याला विचारायला यायचे की तुमच्याकडं हे कसं जमलं. काही गावांत तसं झालं, काही गावांत कचेरीनं नाही म्हटलं.

अर्जुनराव त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. पण अर्जुनरावाच्या दारापुढं आला की धोंडीराम खुलासा जरा सावकाश सांगायचा, आणि दाराआड उभं राहून कुणीतरी शेवटपर्यंत ऐकतंय हे त्याला कळायचं.