बाळकुमच्या गाळात रुतलेली आगबोट

ती दुपार डोक्यातून जातच नाही माझ्या! सगळ्या नोकरीत एवढी मजा आणि एवढा संताप एका केसमध्ये पुन्हा कधी आला नाही. मी तेव्हा ठाण्याला हवालदार होतो. आज तिशीतच रिटायर आहे. का, ते कळेलच.

दोन छोट्या आगबोटींची शर्यत लागलेली. एक एका गोऱ्या कंत्राटदारसाहेबाची, तो स्वतःही बोटीवर; दुसरी कल्याणच्या एका शेटची. दुपारी बारा वाजता कल्याण बंदरातून सुटायचं, खाडीने बाळकुमला पोचायचं. मी बाळकुमला बंदोबस्तावर. आणि काय सांगू! आधी नुसता धूर, मग धडधड, मग दोन्ही बोटी पाणी फाडत वळणावरून बाहेर! काठाने घोडा फेकत आलेला एक जण मागे पडला. माणूस पाण्यावर घोड्यापेक्षा जोरात जातो, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. बंदोबस्त गेला खड्ड्यात, मीपण सगळ्यांबरोबर ओरडत होतो.

शेटची बोट पुढे होती. तेवढ्यात साहेबाची बोट एकदम आडवी वळली आणि धाडकन गाळावर चढली. एका खलाशाचा पाय मोडला. धुरात कोण कुठे होतं, काही दिसलं नाही.

त्याच दिवशी साहेबाची फिर्याद आली. तांडेलाने, म्हणजे बोट हाकणाऱ्याने, शेटकडून लाच खाऊन बोट मुद्दाम गाळात घातली. तांडेल बाळकुमचाच आगरी, पन्नाशीचा. भट्टीवरच्या आगवाल्याने जबानी दिली की चाक तांडेलाच्याच हातात होतं. तांडेल कोठडीत.

फौजदारसाहेब म्हणाले, "साहेबाची फिर्याद, साहेबाचा साक्षीदार. कागद कर आणि मोकळा हो."

म्हणजे तांडेलाला सक्तमजुरी ठरल्यातच जमा.

सकाळी त्याची बायको चौकीवर आली. रडली नाही.

"दादूस, तुमी होरी बगलीव का?"

"बघायचंय काय? गाळात आहे."

"चाकापासची फली बगा. आमचे मानसा होरीन पायतान घालून चरत नाय. होरी आमची आय हाय."

लाजच वाटली. पंचनामा मी काठावरूनच केलेला! दोन पंच घेतले आणि गुडघाभर गाळातून गेलो. चाकापाशी शर्यतीच्या सकाळीच रंगवलेली फळी होती. तिच्यावर दोन खोल ओरखडे, खिळेदार बुटांच्या टाचांचे. धक्का बसताना कोणीतरी चाक धरून पाय रोवलेले. बोटीवर बूट एकाच्याच पायात होते, साहेबाच्या.

आगवाल्याला पुन्हा बोलावला. खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. याचं तसंच चाललेलं. म्हणून मी लाचेचं सोडलं.

"काय रे, मजा आली का पण?"

त्याचे डोळेच चमकले. "हवालदारसाहेब, काय सांगू! मी कोळसा टाकतोय आणि बोट नुसती उडतेय! शेटची बोट एवढ्यावर, हातभर! मी ओरडलो, घाला साहेब, घाला आडवी!"

"साहेबाला ओरडलास? तांडेलाला नाही?"

मी ओरखड्यांचा पंचनामा वाचून दाखवला. मग घडाघडा बोलला.

"तांडेल सांगत होता, आज अष्टमी हाय, इथं पाणी नाय. साहेबांनी त्याला ढकलला आणि चाक धरलं. पौर्णिमेला सराव केलेला ना, तेव्हा याच टायमाला इथून आडवं गेलेलो."

अरे, घड्याळाचे बारा रोज तेच असतात, खाडीचं पाणी तिथीवर चालतं! पौर्णिमेला जिथे भरती, तिथे अष्टमीला त्याच वेळी ओहोटी. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. साहेबाने मात्र घड्याळावर शर्यत लावलेली.

मी सगळं लिहिलं. फौजदारसाहेबांनी वाचलं आणि दार लोटून घेतलं.

"साहेबाचं नाव लिहिलंस? शाई सांडली म्हण आणि पान बदल."

"शाई नाही सांडली, साहेब."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

कागद मी तसेच कोर्टात नेले. मॅजिस्ट्रेटने तांडेलाला सोडलं. साहेबाला कोणी हातही लावला नाही. माझी बदली जंगलातल्या ठाण्यावर झाली, मी राजीनामा फेकला.

वेगाची नशा साहेबाला चढली, आगवाल्याला चढली, काठावर मलाही चढलेली. चढू दे, त्यात गुन्हा नाही. उतरल्यावर आपली चूक गरिबाच्या गळ्यात बांधायची, हा गुन्हा. एवढं त्या केसने शिकवलं. लोक म्हणतात, वेड्या, पेन्शन घालवलीस. घालवली! तो पंचनामा कोर्टाच्या दप्तरात आहे, खाली माझी सही. बदलून दाखवा म्हणावं.