समुद्र खवळलेला राहील

बंदरावरच्या हवामान कार्यालयातून बाई बावीस वर्षं वायरलेसवर समुद्राचा अंदाज वाचत होत्या. आवाज असा गोड, की चार मीटरच्या लाटासुद्धा त्यांच्या तोंडी पानावर बसलेल्या पाहुण्यांसारख्या वाटत. त्यामुळे इशारा कुणी मनावर घेत नसे.

त्या दिवशी खोल समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला होता. साहेब म्हणाले, "बाई, आज जरा आवाज चढवा."

बाईंनी घसा खाकरून वाचलं, "संध्याकाळपासून समुद्र खवळलेला राहील. कुणीही बाहेर पडू नये."

लगेच एका होडीवरच्या तांडेलाचं उत्तर आलं, "बाई, आभाळ तर निरभ्र आहे. पटकन जाऊन येतो."

खिडकीतून पाहिलं, तर सात-आठ होड्यांचे नांगर वर येत होते. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि त्याच गोड आवाजात म्हणाल्या, "जो निघेल, त्याच्या बायकोला मी आत्ता फोन लावते."

मग एकेक नांगर निमूट खाली गेला. संध्याकाळी धक्क्यावरचे पत्रे उडाले, पण माणसं सगळी घरी होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मेमो दिला: कागदावर असेल तेवढंच वाचावं. बाईंनी मुकाट्याने सही केली. तेवढ्यात दारात पाच-सहा बायका आल्या.

"बाई, आमचे नंबर लिहून घ्या."

हाताशी दुसरा कागद नव्हता. बाईंनी मेमो उलटा केला आणि लिहायला घेतलं.