पीटीएम संपल्यावर स्टाफरूममध्ये

किस्से आम्हाला शोधावे लागत नाहीत. पालकसभा, म्हणजे आमची पीटीएम, संपली की ते आपोआप स्टाफरूममध्ये येऊन बसतात. एक ऐकायला जावं तर तीन ऐकून उठावं लागतं! परवा आमच्या बरखेड्याच्या कॉलनीत शेजारच्या वहिनींनी विचारलं, "तुम्ही टीचर लोक आपसात आमच्याबद्दल बोलता का हो?"

"छे!" म्हटलं आणि जीभ चावली.

बोलतो. भरपूर बोलतो. पण मला वेगळीच उत्सुकता आहे. माझा ईशान याच शाळेत सातवीत आहे, म्हणजे मीही पालकच. मग मी नसताना हे लोक माझ्याबद्दल काय बोलतात? ईशानची तर अटच आहे, "शाळेत तू माझी आई नाहीस!"

*

चार इमलीतले, म्हणजे बड्या सरकारी अफसरांच्या वस्तीतले, एक साहेब पीटीएमला आले आणि सवयीनं थेट माझ्याच खुर्चीत बसले. मी समोर उभी!

"हाँ, बताइए, क्या समस्या है?"

त्यांच्या लेकीचं गणित किती कच्चं आहे, ते मी उभ्यानंच सांगितलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "ठीक है, दिखवाते हैं. आप अगले हफ्ते आइए!"

*

गोविंदपुऱ्यात एकांचा नट-बोल्टचा कारखाना आहे. मुलाची उत्तरपत्रिका बघून ते भडकले. "इतना माल रिजेक्ट? मैं तो सुपरवाइज़र बदल दूँ! घर में इसका सुपरवाइज़र है कौन?"

बायको म्हणाली, "आप."

*

सायन्सच्या प्रोजेक्टमध्ये एका मुलानं चक्क फिरणारं टर्बाइन आणलं. वडील इंजिनिअर, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. दहापैकी सात मार्क मिळाले, तर दुसऱ्या दिवशी वडीलच हजर. "तीन नंबर किस बात के कटे?"

"सर, बच्चा समझा नहीं पाया."

"तो मुझसे पूछिए ना!"

*

हिंदीच्या रिझवाना मिस पीटीएमला माझ्या शेजारी बसतात. नागपूरहून नुकत्याच बदलीवर आलेल्या एक आई माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "आपल्या माणसाला विचारते हो, या बाई फार कडक आहेत का?"

रिझवाना मिसचं बालपण मराठी शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेलेलं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "हो, फार!"

*

एकदा मी स्टाफरूममध्ये शिरले आणि सगळे एकदम गप्प! आज बरे सापडले हे लोक, म्हणून मी विचारलंच, "माझ्याबद्दल चाललं होतं ना?"

कुणी बोलेना. सगळ्यांची तोंडं जलेबीनं भरलेली होती, आणि माझ्या वाट्याची संपली होती.

रिझवाना मिस घास गिळून हसत म्हणाल्या, "तुम थोड़ी पैरेंट हो! तुम तो स्टाफ हो!"

खरं सांगते, मला ते थोडं लागलं.

*

यंदा ईशानला क्लास टीचर मिळाले तिवारी सर. शाळेत अगदी नवे, कोण कुणाचं काय लागतं ते त्यांना ठाऊक नाही. पहिली पीटीएम आटोपून ते स्टाफरूममध्ये आले आणि माझ्याच समोर चहा घेऊन बसले.

"मैडम, सातवीं में एक ईशान है. पिता की ड्यूटी थी, चलो मान लिया. पर माँ? पुराने रिकॉर्ड में भी देखा, आज तक एक पीटीएम में नहीं आईं! कैसी माँ होगी?"

रिझवाना मिसनी टेबलाखालून त्यांना पाय मारला. सरांनी "सॉरी" म्हणून आपलाच पाय मागे घेतला.

सगळे गप्प. या वेळी कुणाच्या तोंडात जलेबी नव्हती. शेवटी मीच विचारलं, "और बच्चा क्या कहता है, सर?"

"अजीब बच्चा है, मैडम! अकेला आकर बैठ गया. मैंने पूछा, मम्मी कहाँ हैं? तो बोला, 'सर, वो बाकी सबके मम्मी-पापा से मिल रही हैं.'"