सड्यावरची तिसरी रेघ

मी पहाटे शेण कालवून दारापुढं सडा टाकायचा आणि यांनी लगेच त्यावरून ट्रक न्यायचा, असा आमचा अकोल्यातला संसार होता. "थोडं थांबले असते तं काय बिघडलं असतं?" असं मी ओरडायची. हे हॉर्न वाजवून उत्तर द्यायचे.

हे म्हणजे माझे यजमान. ट्रक स्वतःचा आणि चालवायचेही स्वतःच. दर आठवड्याला अकोटवरून मेळघाटातला घाट चढून धारणीला किराणा पोचवायचा आणि संत्र्याच्या दिवसांत वरूडच्या फेऱ्या मारायच्या. ती कापसाची पडती वर्षं होती. जिनिंगचा माल जवळजवळ बंदच झाला होता, म्हणून सगळी भिस्त संत्र्यावर.

अशात हिवरखेडजवळ अपघात झाला. दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली तिन्हीसांजेला रस्त्यात उभी होती, तिच्यावर हे आदळले. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण ट्रकचं तोंड डाव्या बाजूनं पार चेपलं. मग ओळखीच्या गॅरेजात पत्रा ठोकून झाला, नवा बंपर बसला, नवे दिवे आले, दारावर मोर काढला. पेंटरनं इतकं मन लावून काम केलं की आत काय मोडलंय ते बघायची कोणाला गरजच वाटली नाही. सासूबाईंनी नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले.

पेढे संपायच्या आत ट्रक डावीकडं ओढायला लागला. आता आमच्याकडं ट्रकला काही झालं की वैद्यांची वाण नसते. एक म्हणे हवा कमी आहे. दुसरा म्हणे टायर अदलाबदल करा. तिसऱ्याच्या मते माल एका अंगाला भरला जातो. सासूबाईंनी नजर लागल्याचं सांगून बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि मागं काळा बूट टांगला. बूट नेमका माझ्या माहेरून आलेल्या सामानातला शोधून काढला, तेव्हा नजर कुठली धरली होती ते मला कळलं. बुटाचं मी एक वेळ सोडून दिलं, पण ट्रकखाली वाकून बघायला एकही जण तयार नव्हता. जो तो वरचा मोर बघून मान डोलवायचा.

यांनी त्यावर आपला तोडगा काढला. स्टिअरिंग कायम उजवीकडं दाबून धरायचं, म्हणजे गाडी सरळ जाते. "मले सवय झाली," म्हणाले. "तू कावून डोकं खाऊन राहिली?" जेवताना उजवा खांदा पडलेला दिसायचा. तेल लावून चोळून द्यायची मी, आणि सवय झालेली यांना!

मग एका पहाटे ट्रक सड्यावरून गेला आणि मी झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. उजव्या बाजूला पुढच्या चाकाचा माग मागच्या जोडचाकांनी झाकला होता. डावीकडं मात्र पुढच्या चाकाची रेघ बाहेर, वेगळीच, तिसरी. ट्रक तोंड एकीकडं आणि अंग दुसरीकडं करून चालला होता. हेच अंग धारणीच्या घाटात, एका बाजूला दरी असलेल्या वळणावर कुठं जात असेल, हा विचार मनातून जाईना. त्या दिवसापासून हे घाटात असले की मला घास उतरेना.

यांना सांगितलं तर हसले. मग मी बादली उचलली, यांना ट्रक काढायला लावला आणि थेट त्या गॅरेजात गेले. सगळ्या पुरुषांसमोर रस्त्यावर पाणी ओतलं आणि म्हटलं, "चालवा यावरून." यांनी दात-ओठ खात चालवला. तिसरी रेघ उमटली. गॅरेजवाला रेघेकडं बघून म्हणतो, "वयनी, रस्ताच तिरपा हाय."

"मंग उलटीकडून आणा. आता रस्ता दुसऱ्या अंगानं तिरपा होईन."

उलटीकडून आणला. रेघ पुन्हा डावीकडंच. गॅरेजवाल्याला एकदम चहाची आठवण झाली.

घरी यांनी खरं बोलून टाकलं. ट्रक उघडला तर संत्र्याचा हंगाम हातचा जाईल. ते काही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "हंगाम पुढच्या वर्षी येते. तुमी नाई येत." दुसऱ्या दिवशी यांनी ट्रक अमरावतीला नेला.

तिथल्या मिस्त्रीनं वरची बॉडी उचलली. सगळा डोलारा ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर उभा असतो ती चासी केबिनच्या मागं वाकलेली होती, आणि मागच्या चाकांचा ॲक्सल जागेवरून सरकला होता. नव्या रंगाखाली हे सगळं सुखानं नांदत होतं. मिस्त्रीही काही देवमाणूस नव्हता. आधी पट्टी मारून भागवू म्हणाला, मग "उद्या या" सुरू झालं. आज वेल्डिंगचा गॅस संपला, उद्या पोरगा लग्नाला गेला, परवा लाईट नाही. मी एसटीनं जाऊन त्याच्या दारात बसायची. मला बघितलं की तो हातोडा उचलायचा. चासीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरपी दोरी लावून दोन्ही मापं सारखी भरली, तेव्हाच मी "झालं" म्हटलं.

ट्रक घेऊन हे एक चक्कर मारून आले आणि खाली उतरून म्हणाले, "आता उजवीकडं ओढून राहिली."

माझं डोकंच फिरलं. मिस्त्री मात्र खो-खो हसला. "भाभी, गाडी एकदम सीधी हाये. यांचेच हात वाकडे झाले."

हे चिडले, गाडीत बसले. मी पण बसले. मूर्तिजापूर मागं पडलं, समोर सरळ रस्ता, आणि ट्रक आपला हळूहळू उजवीकडं, समोरून येणाऱ्या टँकरच्या अंगावर. मी किंचाळले, "सोडा! सैल सोडा!" यांनी हात सैल केले आणि ट्रक सरळ झाला. टँकर शिव्या देत गेला.

यांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. गाडीचं दुखणं दाबून धरणाऱ्या त्या हातांवर किती तरी दिवस माझा राग होता, तो तिथंच गेला. मला नुसतं रडू आलं. मग म्हणाले, "मले समजतच नाई वं. तू सांगत जाय." अकोल्यापर्यंत मी "सैल" म्हणत आले आणि उभ्या संसारात पहिल्यांदा यांनी माझं लगेच ऐकलं.

हात हळूहळू वळणावर आले, तेव्हा धारणीची पहिली फेरी ठरली. पहाटे ट्रक सड्यावरून गेला. दोन बाजूंना दोन माग, बाहेर एकही रेघ नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई कुरकुरल्या, दारापुढं झाडलं का नाही म्हणून. हे घाट उतरून घरी येईपर्यंत मी त्या दोन मागांवर झाडू फिरवला नाही.