बिनबटणांचा कोट

चर्चमध्ये तिला सगळे कात्रीबाई म्हणत. धंदा शिवणकामाचा, त्यातही जुने कपडे उसवून मापाचे करून देण्याचा, म्हणून हे नाव पडलं असं ती सांगायची. खरं तर ते तिच्या जिभेवरून पडलं होतं. हे तिलाही ठाऊक असावं, पण तिने कधी मनाला लावून घेतलं नाही.

नवरा तिच्या अगदी उलट. प्लंबर माणूस. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांमध्ये ओणवा होऊन गळके नळ बंद करायचा आणि घरी आला की स्वतःचं तोंडही बंदच ठेवायचा. चर्चमध्ये त्याची जागा शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. असा माणूस बायको-मुलीला घेऊन समुद्रापलीकडे मिशनच्या दवाखान्यात कामाला निघालाय, हे ऐकून अर्ध्या मंडळीने तोंडात बोटं घातली. उरलेल्या अर्ध्या मंडळीला बरोबर कळलं, की हे ठरवलं कोणी.

ठरवलं तिनेच. त्या दवाखान्यातली एक नर्स सुट्टीवर आली होती, ती उपासनेनंतर चार शब्द बोलली. तिथे पाणी आहे पण नळ जोडणारं कोणी नाही, म्हणाली. बायका ऑपरेशन होऊन घरी जातात तेव्हा अंगावर घालायला धड कपडा नसतो, कोणी त्यांना शिवण शिकवलं तर फार बरं होईल. नर्सचं बोलणं संपायच्या आत कात्रीबाईंनी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. आयुष्यभर त्यांनी काय केलं होतं? कोणाच्या पोटाचा घेर वाढला की शिवण सोडायची, कमी झाला की आत घ्यायची. देवाने आपल्याला एवढ्यासाठीच हात दिले नसावेत, असं त्यांना फार दिवस वाटत होतं.

घर महिनाअखेरीला सोडतो असं मालकाला कळवलं, दुकान दुसरीच्या हवाली केलं, मुलीचा शाळेतून दाखला काढला. आता राहिली होती ती पाठवणीची उपासना. त्या चर्चची रीत अशी, की जाणाऱ्या कुटुंबाने वेदीपुढे गुडघे टेकायचे आणि पाळकसाहेब व कमिटीचे अध्यक्ष या दोघांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे. हात ठेवले की मंडळीने पाठवलं असं झालं. त्याशिवाय मिशनवाले कोणाला दारात उभं करत नसत.

दुसरी रीत पेटीची. चर्चच्या ओसरीत एक भलीमोठी पत्र्याची पेटी ठेवायची, ज्याने त्याने तिकडच्या गरिबांसाठी आपल्या मर्जीने तिच्यात काहीबाही टाकायचं, आणि भरली की जाणाऱ्यांच्या घरी पोचवायची. जाणाऱ्यांनी मात्र ती तिकडे पोचल्यावरच उघडायची. दिलेल्या वस्तूची पारख करणं बरं दिसत नाही, हे त्यामागचं कारण. आजवर जी कुटुंबं गेली त्यांनी पेटी परक्या देशात उघडली, आणि आत काय निघालं त्याबद्दल मूग गिळून बसली.

कात्रीबाईंनी ती घरातच उघडली, कारण तिला वास येत होता. वास एका ओल्या राहिलेल्या पडद्याचा निघाला. पडद्याखाली एका काचेचा चष्मा, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, कसरीने खाल्लेला स्वेटर. इथपर्यंत त्यांनी नुसतं नाक मुरडलं. पण मग कपडे हातात आले. फ्रॉक, शर्ट, पुरुषांचे दोन कोट, बायकांचा एक जाड लोकरी कोट. आणि एकाही कपड्याला बटण नव्हतं.

बटण तुटलं की दोरा कुरतडल्यासारखा होतो आणि लोंबत राहतो. हे दोरे एका रेषेत सफाईने कापलेले होते. म्हणजे देणाऱ्याने कपडा पेटीत टाकायच्या आधी बसून, कात्री घेऊन, चांगली बटणं काढून आपल्या डब्यात ठेवली होती. एकीने नव्हे, सगळ्यांनी. कात्रीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फाटकं दिलं असतं तर त्यांनी रफू केलं असतं. हे त्यांच्याच्याने बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्या कपड्यांचं बोचकं काखेत मारून घरोघर निघाल्या. कुठला कपडा कोणाचा हे त्यांना पाहताक्षणी कळत होतं. निम्म्यांच्या शिवणी त्यांनीच कधी ना कधी सोडल्या होत्या. दारात उभं राहून त्या एवढंच म्हणायच्या, की कपडा मिळाला, आता बटणं द्या. कोणी लाजून आणून दिली. कोणी म्हणालं, बघते हं, आणि दार लावलं. मंडळीतली एक संगीतशिक्षिका पोट धरून हसली आणि तिने बटणांची अख्खी बरणी यांच्या पदरात ओतली. लोकरी कोट अध्यक्षांच्या बायकोचा होता. त्या बाईंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्यांनी कोटाला हातही लावला नाही.

संध्याकाळी अध्यक्ष स्वतः आले. त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, आणि चर्चमधले सगळे बाक त्यांनीच दिले होते, त्यामुळे त्यावर बसणारी माणसंही आपलीच असं ते धरून चालत. घरात खुर्ची उरली नव्हती म्हणून ते त्या पेटीवरच बसले.

"बाई, लोक प्रेमाने देतात," ते म्हणाले. "तुम्ही त्यांना चारचौघांत चोर ठरवलंत. रविवारी सगळ्यांसमोर माफी मागा. नाहीतर माझा हात तुमच्या डोक्यावर येणार नाही."

ते गेल्यावर तिने लोकरी कोटाची घडी करून तो पेटीवर ठेवला. मुलीने हळूच विचारलं, आपण आता जायचं नाही का. नवरा बायकोसमोर उकिडवा बसला. त्याने तिला समजावलं, की दोन शब्द बोलून मोकळी हो, आपलं काय जातंय. घर गेलं, दुकान गेलं, हेही हातचं गेलं तर राहायचं कुठे?

"अहो, तिथली बाई तो कोट अंगावर घालेल तेव्हा पुढून एका हाताने धरून चालेल," ती म्हणाली. "आणि तिला वाटेल, आपल्याला एवढंच मिळायचं. ते मी घेऊन जाऊ? माझ्या हाताने?"

तो उठून नळाखाली हात धुवत उभा राहिला, हात स्वच्छ असताना.

रविवारी ती घरातून निघाली ती अध्यक्षांच्या बायकोचा लोकरी कोट घालून. नवऱ्याने एकदा पाहिलं, डोळे मिटले, आणि मुलीचा हात धरून पुढे चालू लागला. उकडत होतं. पुढून कोट मुठीत धरून ती भर चर्चमधून वेदीपर्यंत चालत गेली. बाकांवर कुजबुज झाली. पाळकसाहेबांनी घसा साफ करून सांगितलं, की बाईंना मंडळीपुढे दोन शब्द बोलायचे आहेत.

"मला माफी मागायची आहे," ती म्हणाली. "ज्यांच्या अंगावर आपण हे घालणार होतो, त्यांची. तिथे पोचले की पहिलं काम तेच करेन. तुमची मागण्यासारखं मी काही केलेलं नाही."

एवढं बोलून तिने गुडघे टेकले. गुडघे टेकताना कठड्याला धरावं लागलं, त्यामुळे कोट सुटला आणि त्याचं फाटलेलं अस्तर सगळ्यांना दिसलं. तिने तो परत धरला नाही.

अध्यक्ष पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते, तसेच बसून राहिले. पाळकसाहेब त्यांच्याकडे पाहत होते. ते मनाने चांगले, पण त्यांचं घर कमिटीच्या मालकीचं, आणि घरात चार खाणारी तोंडं. त्यांचे पाय काही उचलत नव्हते. तिची मान खाली होती. सगळं गेलं असं तिला वाटलं. तरी ती उठली नाही.

तेव्हा तिचा नवरा, जो या चर्चमध्ये आमेनच्या पुढे एक अक्षर बोलला नव्हता, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. लोकांच्या मोऱ्यांमध्ये घालून घालून खरखरीत झालेला आपला हात त्याने तिच्या डोक्यावर ठेवला. आवाज घोगरा होता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

"प्रभू, हिला मी पाठवतोय," तो म्हणाला. "आणि हिच्याबरोबर मीही जातोय."

मग तो तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. पलीकडे मुलगी बसली. पाळकसाहेब पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवले. अध्यक्षांकडे त्यांनी पाहिलं नाही.